‘वहिनी, पहिल्या पन्नासांत शिरा’ असं भावजी म्हणतात. पैसे भरू का?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

“माझ्या यजमानांचा खाणीवर ट्रक होता. २०१८ साली खाणी बंद पडल्यावर तो विकावा लागला, आता ते दुसऱ्याची गाडी चालवतात. मुलीला यंदा इंजिनिअरिंगला घालायचं आहे. माझे धाकटे दीर एका योजनेत शिरले आहेत. १५,००० रुपये भरायचे, त्यावर तेल-साबणाची एक पेटी मिळते. आपण दोघांना आणायचं, त्या दोघांनी आणखी दोघा-दोघांना. आपल्या खाली अशा तीन ओळी भरल्या, म्हणजे १४ माणसं झाली, की ६०,००० रुपये खात्यात येतात. भावजींना अजून मिळाले नाहीत, पण त्यांच्या वरच्या माणसाला मिळालेत. त्याचं पासबुक मी डोळ्यांनी पाहिलं. भावजी म्हणतात, ‘वहिनी, आता शिरलात तर पहिल्या पन्नासांत याल, मागाहून येऊन उपयोग नाही.’ मी आमच्या स्वयंसाहाय्य गटाची चिटणीस आहे, त्यामुळे दोघींना आणणं मला कठीण नाही. यजमान नको म्हणतात, पण का नको ते त्यांना सांगता येत नाही. मी दहावीपर्यंत शिकले, गणितात कच्ची. भावजी मनाने चांगले आहेत, मला बुडवणार नाहीत. गणेश चवथीला सगळे मूळ घरी जमू, त्याआधी काहीतरी उत्तर द्यायला हवं. काय करू?”

ताई,

पैसे भरू नका. आणि गटातल्या बायकांकडे ‘दोघीच तर हव्यात’ म्हणूनसुद्धा हा विषय काढू नका. चवथ तोंडावर आली आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते. पण नुसतं ‘नको’ तर तुमच्या यजमानांनीही सांगितलं. का नको, ते तुम्हाला स्वतःच्या हाताने पडताळता आलं पाहिजे, म्हणजे भावजींनी उलट विचारलं तर तुम्ही अडणार नाही.

आधी एक गोष्ट. तुम्ही गणितात कच्च्या नाही. गटातल्या सगळ्या जणींची बचत, कर्ज, हप्ते आणि व्याज जी बाई महिनोन् महिने लिहिते, तिला पुढची बेरीज सहज जमेल. वही उघडा आणि माझ्याबरोबर लिहीत चला.

सगळ्यात वर तुमचं नाव लिहा. खालच्या ओळीत २, त्याखाली ४, त्याखाली ८. खालच्या तिघांची बेरीज १४. या बेरजेला एक युक्ती आहे. समजा, सुरुवातीला कुणी तुम्हाला २ उसने दिले. उसने २ आणि पहिल्या ओळीतले २ मिळून ४ झाले. त्यात दुसऱ्या ओळीतले ४ घातले, ८ झाले. त्यात तिसऱ्या ओळीतले ८ घातले, १६ झाले. आता उसने २ परत करा, १४ उरले. ओळी तीन असोत की तीस, दर वेळी असंच होतं: शेवटच्या ओळीचा आकडा दुप्पट करायचा आणि त्यातून २ काढायचे, की सगळ्या ओळींची बेरीज हातात.

ही रीत परदेशातून आलेली नाही. छंदःशास्त्र लिहिणाऱ्या पिंगलाने ती इसवी सनाच्याही आधी सांगून ठेवली आहे. प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू. मग एका अक्षराचे २ प्रकार, दोन अक्षरांचे ४, तीन अक्षरांचे ८. शाळेत वृत्तं शिकताना य, र, त, न, भ, ज, स, म हे गण पाठ केले असतील. तीन अक्षरांचे गण आठच का, त्याचं कारण हेच दुपटीचं गणित. आणि असे सगळे प्रकार मिळून किती, याला पिंगलाचं उत्तर तेच, शेवटच्याची दुप्पट वजा दोन.

आता या बेरजेत दडलेली गोष्ट बघा. शेवटच्या ओळीत ८ माणसं आहेत. तिच्या वर ४, २ आणि तुम्ही, म्हणजे ७. आणखी एक ओळ घातली तर खाली १६ आणि वर सगळी मिळून १५. पुन्हा एक, खाली ३२ आणि वर ३१. शेवटची ओळ कायम वरच्या सगळ्यांपेक्षा एकाने मोठी असते. म्हणजे ही योजना कुठल्याही दिवशी थांबली तरी त्या दिवशी निम्म्याहून जास्त माणसं सगळ्यात खालच्या ओळीत असणार. ज्यांनी पैसे भरले आणि ज्यांच्या खाली एकही माणूस नाही, अशी.

तुमच्या योजनेत तर तीन ओळी भरल्याशिवाय काही मिळतच नाही. तेव्हा पुढे लिहा. तुम्हाला ६०,००० मिळावेत म्हणून १४ माणसं आली. त्यातल्या शेवटच्या आठ जणींना त्यांचे ६०,००० हवे असतील तर प्रत्येकीच्या खाली १४, म्हणजे ११२ माणसं लागतील. त्या ११२ पैकी शेवटच्या ओळीत ६४. त्यांच्यासाठी ६४ गुणिले १४, म्हणजे ८९६. तुम्हाला धरून एकूण १,०२३ माणसं झाली, दहा ओळी भरल्या. पैसे मिळाले वरच्या सात ओळींना, म्हणजे १२७ जणांना. बाकी ८९६ जण अजून वाट बघताहेत. योजना पंधराव्या ओळीवर थांबू दे नाहीतर विसाव्या, शेवटच्या तीन ओळी कोरड्याच राहतात, आणि त्या तीन ओळींत दर आठांपैकी जवळजवळ सात माणसं असतात.

रुपयांत मांडा. १,०२३ जणांनी प्रत्येकी १५,००० भरले, १ कोटी ५३ लाख ४५ हजार जमले. १२७ जणांना ६०,००० प्रमाणे दिले ७६ लाख २० हजार. ७७ लाख २५ हजार चालवणाऱ्याकडे राहिले. पेटीतल्या तेल-साबणाचा खर्च त्यातूनच. आता ८९६ जणांनी भरलेले पैसे मोजा, १ कोटी ३४ लाख ४० हजार. आणि १२७ जणांचा निव्वळ फायदा, माणशी ४५,००० प्रमाणे, ५७ लाख १५ हजार. त्यात चालवणाऱ्याचे ७७ लाख २५ हजार मिळवा. तेवढेच, १ कोटी ३४ लाख ४० हजार. एका रुपयाचाही फरक नाही. योजनेने काही पिकवलं नाही, कुठला धंदा केला नाही. खालच्या तीन ओळींचे पैसे वर गेले, एवढंच झालं.

हे समजलं की तुमच्या पत्रातल्या काही गोष्टी वेगळ्या दिसू लागतील. तुम्ही लिहिता, वरच्या माणसाचं पासबुक डोळ्यांनी पाहिलं. ते खोटं असेल असं मी म्हणत नाही, खरंच असणार. पण अशा योजनेत ज्यांना मिळाले त्यांचीच पासबुकं फिरतात. ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी दाखवायचं काय? आणि ते ६०,००० भावजींसारख्या चौघांनी भरलेल्या पैशांएवढे आहेत.

मग ते पहिले पन्नास. वहीतल्या ओळी मोजा: पाच ओळींत ३१ माणसं बसतात, म्हणजे पन्नासावं माणूस सहाव्या ओळीत आलं. सहावी ओळ पूर्ण फिटायची तर नऊ ओळी भरायला हव्यात, ५११ माणसं. शिवाय पन्नास कुठले? डिचोलीतले, भावजींच्या ओळखीतले, की ज्याने ही साखळी सुरू केली त्याच्यापासूनचे? भावजींच्या वर एक माणूस आहे, त्याच्या वर आणखी कुणी असेल. वरच्या ओळींची यादी कुणी दाखवत नाही, त्यामुळे प्रत्येक नव्या माणसाला आपण लवकर आलो असंच वाटतं. शेवटच्या ओळीतल्या ५१२ जणांनाही तेच सांगितलेलं असतं.

“तालुक्यात माणसांना काय तोटा,” असंही कुणी म्हणेल. दर आठवड्याला एक ओळ भरते असं धरा. पाचव्या आठवड्याअखेर ३१ माणसं, मंदिराच्या सभामंडपात मावतील एवढी. आपलं मन साधी बेरीज करतं, पाच आठवड्यांत ३१ तर दहा आठवड्यांत ६२. प्रत्यक्षात होतात १,०२३. २०११ च्या जनगणनेत डिचोली तालुक्याची लोकसंख्या ९७,९५५ होती, म्हणजे दहाव्या आठवड्यात शंभरातलं एक माणूस योजनेत आहे आणि नव्व्याण्णव जणांनी तिचं नावही ऐकलेलं नाही. “अजून सगळा तालुका पडलाय,” हे वाक्य त्या दिवशी अगदी खरं वाटतं. पण तिथून फक्त सात आठवडे पुढे जा. सतराव्या ओळीपर्यंत १,३१,०७१ माणसं लागतात आणि पाळण्यातली पोरं धरूनही तालुका कमी पडतो. एकविसाव्या ओळीला २०,९७,१५१ लागतात. सगळ्या गोव्याची लोकसंख्या त्या जनगणनेत १४,५८,५४५ होती. एकतिसाव्या ओळीला आपला देशही पुरत नाही. अर्थात तिथवर काही पोचत नाही. कुणाला दोघं मिळत नाहीत, कुणी नाही म्हणतं, आणि योजना त्याच्या कितीतरी आधी बसते. बसते तेव्हा कुणाची ओळ शेवटची ठरली ते कळतं.

आता तुमच्या गटाबद्दल. पत्र वाचताना मला सगळ्यात काळजी वाटली ती या एका वाक्याची: दोघींना आणणं मला कठीण नाही. खरंच नाही. त्या तुमच्या शब्दावर येतील, कारण बचतीच्या वहीत आजवर तुमचा हिशेब चुकलेला नाही. पण दोघी आणून तुम्हाला काही मिळत नाही, १४ लागतात. तुमच्या गटात किती जणी आहेत? बारा-पंधरा असतील. म्हणजे तुमच्या ६०,००० साठी आख्खा गट तुमच्या खाली यायला हवा. आणि मग त्यातल्या खालच्या आठ जणी आपल्यासाठी ११२ माणसं त्याच वाड्यावर, त्याच बाजारात शोधत फिरणार. जिच्या घरी गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिना दीड हजार हाच हातातला पैसा आहे, तिच्यासाठी १५,००० म्हणजे दहा महिने. ते गेले की ती योजनेच्या मालकाकडे जाणार नाही, त्याचं तोंडही तिने पाहिलेलं नाही. ती तुमच्या दारात येईल. गटाची बैठक त्यानंतर पूर्वीसारखी भरेल का, याचा विचार करा.

भावजी मनाने चांगले आहेत हे मी पूर्ण मानते. तुम्हाला बुडवायचा त्यांचा विचार नसणार. पण त्यांचे १५,००० गेले आहेत, ओळी भरायच्या राहिल्या आहेत, आणि ते परत मिळवायची एकच वाट त्यांना दाखवलेली आहे. अशा योजना भल्या माणसांवरच चालतात. अनोळखी माणसाने येऊन सांगितलं असतं तर तुम्ही मला पत्रही लिहिलं नसतं. म्हणून भावजींचा स्वभाव हा इथे प्रश्नच नाही. शेवटची ओळ मोठी असणं कुणाच्या चांगुलपणाने टळत नाही.

मधल्या काही वाटा तुमच्या मनात येतील, म्हणून त्यांच्याबद्दलही लिहिते. नात्यासाठी पैसे भरायचे, पण कुणाला आणायचं नाही: याने तुमचे १५,००० जातील आणि भावजींची एक जागा भरल्यामुळे ते पुढच्या माणसाकडे जास्त उमेदीने जातील. त्यांना मदतच करायची असेल तर जमेल तेवढी रक्कम सरळ त्यांच्या हातात द्या. “चवथीनंतर बघू” म्हणणंही सोपं वाटतं, पण ते तुमचं नाव धरून चालतील आणि दुसऱ्यांना तुमच्या नावाने सांगतील. स्पष्ट नकार कमी दुखवतो.

तेल-साबणाच्या पेटीने तुमचा गोंधळ होऊ देऊ नका. माल घरोघर विकून त्यावर कमिशन घेणं हा वेगळा, रीतसर धंदा आहे. फरक ओळखायची एकच कसोटी: सभासद व्हायचं नसलेल्या बाईने ती पेटी डिचोलीच्या बाजारात १५,००० देऊन घेतली असती का? नसेल, तर पैसे पेटीचे नाहीत, माणूस आणण्याचे आहेत. आणि माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. योजना चालवणं, तिच्यात सभासद होणं, तिच्यासाठी पैसे देणं-घेणं, सगळंच त्यात येतं, आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. थेट विक्रीसाठी २०२१ साली ग्राहक संरक्षण कायद्याखाली जे नियम आले, त्यांनीही अशी साखळी मना केली आहे. तेव्हा चिटणीस म्हणून तुम्ही गटात नावं गोळा केलीत तर ते तुमच्यावरही शेकू शकतं.

भावजींशी बोलणं चवथीच्या दिवशी नको. गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायची गडबड, घरभर माणसं, त्यात त्यांना सगळ्यांसमोर चुकीचं ठरवलंत तर ते हट्टाला पेटतील. आधीच एक दिवस त्यांना घरी चहाला बोलवा, यजमानांनाही बसवा आणि वही समोर ठेवा. योजना वाईट आहे असं म्हणू नका. म्हणा, “भावजी, मी लिहून बघितलं, मला हे सुटत नाही, तुम्हीच दाखवा.” मग ओळी त्यांच्याच हाताने भरून घ्या आणि विचारा: उद्यापासून एकही नवीन माणूस आलं नाही, तर कालपर्यंत आलेल्यांना पैसे कुठून मिळतील? याला त्यांच्याकडे उत्तर नसेल. वरच्याला विचारून सांगतो म्हणाले तर विचारू द्या, तिथेही नसेल. आणि शेवटी शांतपणे सांगा की मी भरणार नाही, गटातल्या कुणाला आणणार नाही, आणि यात तुमच्यावर राग नाही.

त्यांनी स्वतः अजून कुणाला आणलं नसेल तर इथेच थांबणं त्यांच्या हिताचं आहे. आपले १५,००० काढायला दुसऱ्या चौदा जणांना घालणं हा मार्ग नव्हे. पावती, बँकेची किंवा मोबाईलवरून पैसे पाठवल्याची नोंद, आलेले मेसेज, पेटीवरचा पत्ता, सगळं जपून ठेवायला सांगा. पैसे परत मागणारं पत्र लेखी द्यायचं. दाद मिळाली नाही तर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा गोवा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे विभागाकडे तक्रार करता येते. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावरही करता येते. ऑनलाईन भरलेल्या पैशांत फसवणूक झाली असेल तर १९३० हा क्रमांक आहे, तिथे जितक्या लवकर फोन जाईल तितकं बरं. हे सगळं हातातून पैसे गेलेल्या इतर वाचकांसाठीही लिहिते आहे. लाजून गप्प बसू नका. तुमच्या गप्प बसण्याने खालची ओळ वाढत राहते.

गटाच्या पुढच्या बैठकीत, भावजींचं नाव न घेता, हीच वही सगळ्यांना दाखवा. दोन, चार, आठ, आणि उसन्या दोनांची युक्ती. ही योजना बसली तरी वर्षभरात वेगळ्या नावाने दुसरी येईल, पेटीत तेलाऐवजी चहा असेल.

पैसे दुप्पट होणं मुळात वाईट नाही. पोस्टातलं किसान विकास पत्रही दुप्पट करून देतं, एप्रिल २०२३ पासूनच्या साडेसात टक्के दराने ११५ महिन्यांत. १५,००० चे ६०,००० म्हणजे दोनदा दुप्पट, त्याला या दराने १९ वर्षांहून जास्त लागतील. तिथे वाढ हळू आहे, कारण ती व्याजातून होते आणि तुमच्यानंतर कुणी पैसे गुंतवले नाहीत तरी तुमचे पैसे मिळतात. कुणी तेवढीच वाढ काही महिन्यांत देऊ केली, तर ती कुणाच्या खिशातून येणार हे आधी विचारायचं.

राहिली मुलीची फी, आणि खरी निकड तीच आहे. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिची चौकशी या आठवड्यातच करा. अटी आणि मुदत तिथेच विचारून घ्या. ते कर्ज पुरलं नाही तर बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे. उत्पन्नाचा दाखला मामलेदार कार्यालयातून मिळतो. चवथीच्या सुट्टीत कचेऱ्या बंद असतात, म्हणून त्याचा अर्ज आधी टाका.